होंडाच्या जुन्या गाडीसाठी वापरलेले इंजिन : निवड, तपासणी आणि देखभाल

प्रश्न थोडक्यात असा आहे. 1996 ते 2000 या पिढीची होंडा सिव्हिक आहे, बॉडी आणि सस्पेन्शन अजून धड आहे, पण मूळचे 1.6 लिटरचे सिंगल कॅम इंजिन (होंडाची डी-सिरीज) ऑइल खाऊ लागले आहे. जपानमधून उतरवलेली वापरलेली इंजिने बाजारात मिळतात. त्यांतले होंडाच्या जुन्या बी-सिरीजचे घ्यावे की नंतरच्या के-सिरीजचे, घेताना काय तपासावे, बसवण्याआधी ते उघडून बांधून घ्यावे का, आणि पुढची अनेक वर्षे ते टिकावे यासाठी काय करावे, असे चार उपप्रश्न त्यात आहेत.

या चारही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी येऊन मिळतात, आणि ते ठिकाण म्हणजे ऑइल. कोणत्याही इंजिनाला ऑइल लागतेच, पण होंडाच्या व्हीटेक इंजिनांत ते केवळ वंगण नसते, ते काम करणारे द्रवही असते. इंजिनाच्या दर मिनिटाच्या कमी आणि जास्त फेऱ्यांसाठी कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) वेगवेगळे लोब, म्हणजे उंचवटे असतात. ठरावीक फेऱ्यांनंतर ईसीयू (इंजिनाचा संगणक) एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप उघडतो, ऑइलचा दाब रॉकरमधल्या (लोबची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांडीतल्या) लहानशा पिनेला ढकलतो, शेजारशेजारचे रॉकर एकमेकांना जखडले जातात आणि व्हॉल्व्ह मोठ्या लोबवर चालू लागतात. 1989 मध्ये इंटेग्रा गाडीत आलेल्या बी16ए इंजिनाने अवघ्या 1595 सीसीतून, टर्बोशिवाय, 160 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) काढली ती याच युक्तीवर. के-सिरीजमध्ये त्यावर व्हीटीसी ही आणखी एक यंत्रणा आली, जी इनटेक कॅमशाफ्टलाच ऑइलच्या दाबाने पुढे-मागे फिरवते. म्हणून ज्या इंजिनाने आयुष्यभर घाणेरडे किंवा अपुरे ऑइल पाहिले आहे, त्याची कागदावरची अश्वशक्ती कितीही असली तरी ते घेण्यात अर्थ नाही.

इंजिन बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी मूळ डी-सिरीज इंजिनाचा नीट निकाल लावावा. सकाळी चालू करताना किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना तेवढ्यापुरता निळा धूर येत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हच्या देठावरची सील कडक झालेली असतात आणि ती बदलणे हे फार मोठे काम नाही. चढावर, सतत भार असताना धूर येत राहिला तर संशय पिस्टन रिंगांवर जातो. खात्रीसाठी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब मोजावा, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये लहान चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दुसऱ्या वेळी आकडा लक्षणीय वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही आणि मुळातच कमी असेल, तर दोष व्हॉल्व्हकडे किंवा हेड गॅस्केटकडे आहे. ज्याला फक्त रोजच्या वापराची गाडी हवी आहे, त्याने सील आणि रिंगा बदलून हेच इंजिन पुढे चालवावे असे माझे स्पष्ट मत आहे. ते साधे आहे, सुटे भाग मुबलक मिळतात आणि गाडीतले दुसरे काहीही बदलावे लागत नाही.

तरीही बदलायचेच असेल, तर बी आणि के यांची तुलना करताना बहुतेक जण शक्तीचे आकडे मांडतात आणि बसवण्याच्या कामाकडे दुर्लक्ष करतात. या पिढीच्या सिव्हिकमध्ये बी-सिरीज इंजिन जवळपास सरळ बसते, कारण होंडाने स्वतः याच गाडीच्या काही आवृत्त्यांत ते दिले होते. 1997 च्या सिव्हिक टाइप-आरमधले बी16बी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. के-सिरीजची रचना उलटी आहे. जुन्या डी आणि बी इंजिनांची क्रँक पुली गाडीच्या डाव्या बाजूला येते आणि पुलीकडून पाहिले तर इंजिन घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. के इंजिनाची पुली उजव्या बाजूला असते आणि ते घड्याळाच्या दिशेने फिरते. इनटेक पुढे येतो, एक्झॉस्ट मागे जातो. परिणामी माउंट, ॲक्सल, गिअरची केबल, एक्झॉस्ट, रेडिएटरचे पाइप आणि वायरिंग हे सगळेच बदलते. इंजिनाच्या किमतीइतकाच, कधी त्याहून जास्त खर्च या बाकीच्या सामानावर होतो, हे आधीच गृहीत धरावे.

असे असूनही मी आज के-सिरीजकडे झुकतो, आणि त्याचे कारण वय हे आहे. बी-सिरीजचे उत्पादन 2001 च्या सुमारास थांबले. म्हणजे बाजारातले सर्वांत तरुण बी इंजिनसुद्धा आता वीस वर्षांहून जुने आहे, आणि त्यातली चांगली इंजिने हौशी लोकांनी केव्हाच उचलली आहेत. उरलेल्यांपैकी कित्येक इंजिने वर्षानुवर्षे लाल रेषेपर्यंत ताणलेली असतात. के-सिरीज 2001 नंतरची आहे, तिला टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, रॉकरला रोलर आहेत, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे, त्यामुळे सगळ्या प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या जुन्या डिस्ट्रिब्युटरची कटकट उरत नाही. शिवाय ही इंजिने मोठ्या कौटुंबिक गाड्यांतही होती, आणि अशा गाडीतून निघालेले इंजिन स्पोर्ट्स कारमधून निघालेल्या इंजिनापेक्षा साधारणपणे सौम्य आयुष्य जगलेले असते.

के-सिरीजमधले दोन लिटरचे के20 की 2.4 लिटरचे के24, यावर वाद खूप होतो. के20 चा बोअर (सिलिंडरचा व्यास) 86 आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 86 मिलिमीटर, तर के24 चा बोअर 87 आणि स्ट्रोक 99 मिलिमीटर. गणित करून पाहिले तर के20 चा पिस्टन 8000 फेऱ्यांना सरासरी जवळपास 23 मीटर प्रति सेकंद वेगाने धावतो, आणि के24 चा पिस्टन तोच वेग 7000 फेऱ्यांनाच गाठतो. म्हणजे के24 ला के20 सारखे वाजवत नेणे हा त्याच्यावर अन्याय आहे. उलट 2001 च्या इंटेग्रा टाइप-आरमधले 220 पीएसचे के20ए आपला 206 न्यूटन-मीटरचा टॉर्क 7000 फेऱ्यांना देते, तर जपानी अकॉर्ड 24एस मधले 200 पीएसचे के24ए 4500 फेऱ्यांनाच 232 न्यूटन-मीटर देते. हलक्या सिव्हिकमध्ये, रस्त्यावरच्या वापरासाठी, मला दुसरा आकडा अधिक कामाचा वाटतो.

इथे एक सापळा आहे. जपानी बाजारातल्या इंजिनावर फक्त ‘के24ए’ किंवा ‘के20ए’ एवढेच कोरलेले असते. 2003 मध्ये आलेल्या ओडिसी गाडीच्या साध्या आवृत्तीत 160 पीएसचे के24ए होते आणि ॲब्सोल्यूट आवृत्तीत 200 पीएसचे, पण ब्लॉकवरचा शिक्का दोन्हींचा एकच. फरक हेडमध्ये (ब्लॉकवर बसणाऱ्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागात) आणि कॅमशाफ्टमध्ये आहे. साध्या प्रकारात व्हीटेक फक्त इनटेकच्या बाजूला असते आणि त्याचे काम कमी फेऱ्यांना दोनपैकी एक व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवून इंधन वाचवणे एवढेच असते. वरच्या प्रकारात प्रत्येक सिलिंडरसाठी तीन-तीन लोब असतात. विकणाऱ्याला व्हॉल्व्ह कव्हर काढायला सांगावे आणि लोब स्वतः मोजावेत. कव्हर काढू न देणाऱ्याकडून इंजिन घेऊ नये. कोणते इंजिन घेतो आहोत हे कळण्याचा खात्रीचा मार्ग तोच आहे.

होंडाची काही इंजिने उत्तम असूनही या कामासाठी मी सुचवत नाही. 1999 च्या एस2000 मधले एफ20सी आणि प्रिल्यूडमधले एच22ए यांच्या सिलिंडरच्या भिंती तंतुमिश्रित धातूच्या असतात. त्या नेहमीच्या पद्धतीने कापून रुंद (बोअर) किंवा घासून सारख्या (होन) करता येत नाहीत आणि पिस्टनही त्यांना जुळणारेच लागतात, त्यामुळे झिजलेले इंजिन पुन्हा बांधणे हे मोजक्याच वर्कशॉपचे काम ठरते. शिवाय एस2000 चे इंजिन मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीसाठी गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले आहे, ते इथे लागूच पडत नाही. 2006 पासूनच्या सिव्हिकमधल्या आर18 च्या सुरुवातीच्या काही ब्लॉकना तडा जाऊन कूलंट गळण्याचा दोष होता, आणि होंडाने त्यासाठी वॉरंटी वाढवून दिली होती. 1.5 लिटरच्या थेट इंधन फवारणीच्या टर्बो इंजिनात, थंड प्रदेशात आणि लहान लहान प्रवासांत, पेट्रोल ऑइलमध्ये मिसळण्याच्या तक्रारी आल्या होत्या. नव्या गाडीच्या मालकाने त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही, पण जुन्या गाडीत बसवण्यासाठी ही इंजिने गुंतागुंतीची आहेत.

आता तपासणी. ‘जपानचे इंजिन म्हणजे कमी धावलेले’ या समजाला थोडा आधार आहे. तिथे नव्या खाजगी गाडीची सक्तीची तपासणी पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते, तिचा खर्च बराच असतो, म्हणून धडधाकट गाड्याही लवकर मोडीत किंवा निर्यातीत जातात. पण गाडीतून उतरलेल्या इंजिनाला किलोमीटर मोजणारा काटा नसतो. मूळ गाडीच्या डॅशबोर्डचा आणि चासी क्रमांकाचा फोटो नसेल, तर सांगितलेला आकडा ऐकून सोडून द्यावा आणि इंजिनालाच विचारावे.

इंजिन बरेच काही सांगते. व्हॉल्व्ह कव्हरखाली धातूवर मधासारखी पिवळसर झाक असणे हे नियमित ऑइल बदलाचे लक्षण आहे. काळपट, बोटाने खरवडले तर निघणारा थर असेल तर पुढे पाहू नये. के-सिरीजमध्ये एक्झॉस्ट कॅमशाफ्टच्या लोबवर विशेष लक्ष द्यावे. टॉर्चचा उजेड तिरका पाडून लोबच्या टोकावरून नख फिरवावे. निरोगी लोब काचेसारखा गुळगुळीत लागतो, आणि झिजू लागलेल्या लोबवर बारीक खड्डे किंवा आडवे ओरखडे नखाला अडतात. तो कॅमशाफ्ट रॉकरसकट बदलावा लागतो. त्यानंतर चारही एक्झॉस्ट पोर्ट एकमेकांशी ताडून पाहावेत. तीन कोरडे करडे आणि एक ओला काळा असेल, तर त्या सिलिंडरमधून ऑइल जात आहे. कूलंटच्या तोंडात बोट घालावे. तांबूस गाळ लागला तर कोणीतरी कूलंटऐवजी साधे पाणी वापरले आहे, आणि हेड, ब्लॉक दोन्ही ॲल्युमिनियमचे असलेल्या इंजिनात ही गोष्ट गंभीर आहे. जुने ऑइल फिल्टर अजून लागलेले असेल तर ते कापून कागद उलगडावा. चुंबकाला चिकटणारा चुरा लोखंडी भागांचा असतो, न चिकटणारे चमकदार कण बहुधा बेअरिंगचे असतात, आणि दुसऱ्या प्रकारची भीती जास्त आहे.

स्टार्टर लावून कॉम्प्रेशन मोजता आले तर जरूर मोजावे. सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी भरलेली असावी. कारखान्याची किमान मर्यादा 930 किलोपास्कल आहे आणि सिलिंडरांमधला फरक 200 किलोपास्कलच्या आत हवा. स्टँडवरच्या थंड इंजिनाचे आकडे थोडे कमी येतात, म्हणून मी एकूण आकड्यापेक्षा चौघांमधला फरक पाहतो. इंजिन हाताने फिरवताना दिशा सांभाळावी. बी-सिरीजचे इंजिन उलट फिरवले तर बेल्ट सैल पडून दात चुकण्याची शक्यता असते, आणि या इंजिनांत टायमिंग चुकले की व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात.

इंजिनाबरोबर ईसीयू, वायरिंग, सर्व सेन्सर आणि शक्य असल्यास गिअरबॉक्स एकाच गाडीचे घ्यावे. अनेक के-सिरीज ईसीयूंना इमोबिलायझर असतो आणि मूळ किल्ली नसेल तर ते इंजिन चालू होऊ देत नाहीत. काही इंजिनांचा थ्रॉटल केबलचा असतो, काहींचा इलेक्ट्रॉनिक. कापलेल्या वायरिंगचे स्वस्त इंजिन शेवटी महागात पडते.

बसवण्यापूर्वी, इंजिन जमिनीवर असतानाच, क्रँकचे पुढचे-मागचे ऑइल सील, व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट, प्लगच्या नळ्यांची सील, व्हीटेक सोलेनॉइडचे गॅस्केट आणि थर्मोस्टॅट बदलून टाकावेत. बी-सिरीज असेल तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप हे तिन्ही एकदमच बदलावेत, कारण पंप त्याच बेल्टवर फिरतो. जुना बेल्ट दिसायला चांगला असला तरी ठेवू नये. रबर वयाने मरते आणि ते वरून दिसत नाही. के-सिरीजमध्ये सोलेनॉइड काढला की त्याच्या गॅस्केटमध्ये बारीक जाळी दिसते. ती जाळी म्हणजे त्या इंजिनाचा इतिहासच आहे: काळा डांबरासारखा थर म्हणजे लांबवलेले ऑइल बदल, रुपेरी कण म्हणजे झीज, सिलिकॉन पेस्टचे तुकडे म्हणजे आधी कोणीतरी इंजिन उघडून घाईने बंद केले आहे. पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून, इंजेक्टरचे कनेक्टर सोडवून, पाच-सहा सेकंदांच्या टप्प्यांत स्टार्टर मारावा आणि ऑइलचा दाब दिसल्यावरच प्लग लावावेत. दाब मोजण्यासाठी खरा यांत्रिक गेज जोडून घ्यावा. गरम के-सिरीज इंजिनाला आयडलवर किमान 70 आणि 3000 फेऱ्यांना किमान 300 किलोपास्कल दाब हवा.

देखभालीत कारखान्याचे अंतराचे वेळापत्रक ज्याचा इतिहास माहीत आहे अशा इंजिनासाठी असते. अनोळखी इंजिनाचे पहिले ऑइल 500 किलोमीटरला, दुसरे साधारण 3000 ला आणि नंतर 7000 ते 8000 किलोमीटरच्या अंतराने बदलावे. आतला गाळ एकदम सोडवणारी फ्लशिंगची रसायने वापरू नयेत, कारण सुटलेला गाळ थेट त्या बारीक जाळीत आणि व्हीटीसीच्या मार्गात जाऊन बसतो. चांगले ऑइल लवकर-लवकर बदलले की तो हळूहळू आपोआप धुऊन निघतो. जास्त फेऱ्यांच्या के20 साठी 5डब्ल्यू-30 ही योग्य श्रेणी आहे, आणि जुन्या के24 मध्येही मी तीच वापरतो. ‘जुने इंजिन आहे, जाड ऑइल घाला’ हा सल्ला इथे ऐकू नये. थंड असताना जाड ऑइल व्हीटीसीपर्यंत उशिरा पोहोचते. डिपस्टिक दर दुसऱ्या इंधन भरण्याला पाहावी. व्हीटेक लागत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांमध्ये पहिली तपासणी ऑइलच्या पातळीची, दुसरी जाळीची, आणि तिसरी दाबाच्या स्विचची असावी. बरेच जण याच्या उलट क्रमाने, म्हणजे महाग सुट्या भागापासून सुरुवात करतात.

के24 मध्ये सकाळी चालू करताना एक-दोन सेकंद खरखर आवाज येणे ही ओळखीची तक्रार आहे. व्हीटीसीच्या ॲक्च्युएटरमधली (कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या भागातली) कुलूप लावणारी पिन नीट बसत नाही, आणि ऑइलचा दाब येईपर्यंत तो आतल्या आत खडखडतो. आवाज तेवढ्यात थांबत असेल तर गाडी लगेच थांबवण्याची गरज नसते, पण फार काळ लांबवू नये. आवाज गरम झाल्यावरही येत राहिला, किंवा कॅमशाफ्ट आणि क्रँक यांच्यातल्या फरकाचा पी0341 हा कोड ईसीयूने दिला, तर चेन ताणली गेली आहे असे समजावे. चेन कव्हरवरची लहान झाकणी काढून टेन्शनरचा दांडा किती बाहेर आला आहे ते पाहता येते. चेन बदलताना ॲक्च्युएटर, गाइड आणि टेन्शनर त्याच वेळी बदलावेत. ‘चेन कायमची असते’ हे विधान फक्त वेळेवर ऑइल बदलणाऱ्यांसाठी खरे आहे.

टॅपेट सेटिंग, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट जुळवणे, हा होंडात सर्वांत जास्त विसरला जाणारा भाग आहे. या इंजिनांत ती फट आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक ॲडजस्टर नसतात, फट स्क्रूने लावावी लागते. साध्या 160 पीएसच्या के24ए ला इनटेक 0.21 ते 0.25 आणि एक्झॉस्ट 0.28 ते 0.32 मिलिमीटर, टाइप-आरच्या के20 ला एक्झॉस्ट 0.25 ते 0.29, आणि व्हीटेक बी-सिरीजला इनटेक 0.15 ते 0.19 व एक्झॉस्ट 0.17 ते 0.21. हेडचे तापमान 38 अंशांच्या खाली असताना, म्हणजे रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवरच हे काम करावे. लोकांना टॅपेटच्या टकटकीची भीती वाटते, पण खरा धोका आवाज न करणाऱ्या टॅपेटमध्ये असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू रुतत जातो, फट कमी होते, इंजिन अधिक शांत वाटू लागते, आणि एके दिवशी व्हॉल्व्ह पूर्ण बंदच न झाल्याने जळतो. 40,000 किलोमीटरला एकदा फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) घालून पाहावे. गाडी गॅसवर चालत असेल तर हे अंतर निम्मे करावे.

कूलंट सिलिकेट नसलेला, होंडाच्या निळ्या टाइप-2 च्या दर्जाचाच वापरावा, आणि पाच वर्षांनी बदलावा. भरल्यानंतर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पंखा दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत एअर काढावी. इंजिन एकदाही तापून उकळले असेल तर नुसते कूलंट भरून पुढे जाऊ नये. हेडचा बाक 0.05 मिलिमीटरपेक्षा जास्त निघाला तर नवीन गॅस्केट फार दिवस टिकत नाही.

राहिला इंजिन आधीच उघडून बांधण्याचा प्रश्न. कॉम्प्रेशनमधला फरक मर्यादेत आहे, लोब गुळगुळीत आहेत, फिल्टरच्या कागदात बेअरिंगचे कण नाहीत आणि कूलंटचे मार्ग स्वच्छ आहेत, अशी स्थिती असेल तर खालचा भाग उघडू नये. कारखान्यात बसवलेले बेअरिंग निष्कारण काढून नवे घालण्यात फायद्यापेक्षा जोखीम जास्त असते. यांपैकी एकच गोष्ट बिघडलेली असेल आणि ती वरच्या भागातली असेल, तर हेड उतरवून तेवढेच काम करावे. कण सापडले असतील, तर ते इंजिन दुरुस्त करत बसण्यापेक्षा परत करून दुसरे पाहावे. के24 दुर्मीळ नाही.